दहा हजारांत एक पैसा

इगतपुरीत ‘बँकर’ म्हटलं की माणसं माझ्याकडे बघत नाहीत, घाटाकडे बघतात. मी गेली पंचवीस वर्षं बँकेत आहे, बी.कॉम. आहे, शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावतो. तरीसुद्धा आमच्या गावात बँकर म्हणजे मी नव्हे. बँकर म्हणजे कसाऱ्याला गाडीच्या शेपटीला जोडतात ती इंजिनं. ती गाडीला मागून ढकलत ढकलत घाट चढवतात, इगतपुरीला आली की सुटतात. पुढे गाडी नाशिकला जाते की बनारसला, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. गाडीतल्या माणसांनाही त्यांचा पत्ता नसतो. ती प्लॅटफॉर्मवर वडे घेण्यात गुंतलेली असतात.

आमचे अण्णा रेल्वेत फिटर होते. मला बँकेत नोकरी लागली तेव्हा ते एवढंच म्हणाले, “झालास बँकर? आता मागून ढकलायचं आणि शिट्टी मारायची नाही.” त्याचा अर्थ मला गेल्या वर्षी कळला, आणि तोही रसायनशास्त्रातून.

खरं म्हणजे रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीच्या पेपराबरोबर संपला होता. तो पुन्हा जोडला माझ्या मुलीनं. हिचं नाव मृण्मयी. नाव ठेवताना त्याचा अर्थ ‘मातीची’ असा होतो हे आम्हांला ठाऊक होतं, पण मुलगी तो इतका मनावर घेईल असं वाटलं नव्हतं. ती नाशिकला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली ती फराळाच्या डब्याकडे न जाता सरळ परसात गेली.

“बाबा, मला आपल्या परसातली माती हवी आहे.”

“घे की. त्यात विचारायचं काय?”

“तशी नाही. शास्त्रोक्त.”

शास्त्रोक्त म्हटल्यावर आमची आई माजघरातून बाहेर आली. शास्त्र हा तिचा प्रांत. पण नातीचं शास्त्र आजीपेक्षा कडक निघालं. लोखंडी खुरपं चालायचं नाही, जस्ताची बादली चालायची नाही, कारण त्यांचाच धातू मातीला लागायचा. प्लॅस्टिकचं उलथणं, कोऱ्या पिशव्या, धुतलेले हात. वरचा पाचोळा बाजूला करायचा, वीतभर खोल खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी तासून घ्यायची. मी कौतुकानं पुढे होऊन ढेकूळ उचललं तर ती ओरडली, “बाबा, शिवू नका!”

“ही पोरगी माझ्यापेक्षा सोवळी निघाली,” आई म्हणाली. तिच्या आवाजात अनेक वर्षांनी वारस मिळाल्याचं समाधान होतं.

चार कोपऱ्यांतली माती चार पिशव्यांत आली. मग प्रत्येकीतली सारखी थोडी थोडी काढून तिनं एक ढीग केला, भाकरीसारखा थापला, त्याचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन फेकले, उरलेले दोन पुन्हा एकत्र केले, पुन्हा थापले. असं करत करत अर्धा किलो उरला. आमच्या सौ. दारात उभ्या राहून बघत होत्या. “कणकेची कधी धड पोळी लाटली नाहीस, मातीची भाकरी बरी गोल येते!”

“पण शोधतेस काय?” मी विचारलं.

“जड धातू.”

“सोनं जड धातू आहे का?”

“आहे.”

“मग तेही मोज.”

तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं मी बँकेत स्लिप चुकीची भरणाऱ्या ग्राहकाकडे पाहतो. मग तिनं मला जड धातू समजावून सांगितले. शिसं, पारा, कॅडमियम, आणि त्यांच्याच पंक्तीला बसणारा आर्सेनिक. तांबं आणि जस्तही त्याच बिरादरीतले, पण ते थोडे अंगाला लागतात. २०१५ पासून शेतकऱ्यांना सरकारी मृदा आरोग्य पत्रिका मिळते, तिच्यात तांबं-जस्त असतं. आमच्या घोटीच्या भावाकडे ती आहे. शिसं मात्र तिच्यात नसतं, कारण शिसं पिकाला नको, माणसाला नको, कुणालाच नको. ते फक्त येऊन राहतं, लांबच्या पाहुण्यासारखं.

“शिसं करतं काय, बाबा,” ती म्हणाली, “शरीराला वाटतं हे कॅल्शियमच आहे. म्हणून ते हाडांत नेऊन ठेवतं.”

हे मला ताबडतोब समजलं. बनावट नोट! कॅशियरनं बघितली, रंग बरोबर, आकार बरोबर, टाकली तिजोरीत. आणि तिजोरी म्हणजे हाडं. तिथे ती वीस-वीस वर्षं मुदत ठेवीत राहते. पुढे म्हातारपणी हाडं झिजायला लागली की मुदत संपल्यासारखी ती पुन्हा रक्तात येते. मी हे तिला सांगितलं, तर तिनं वहीत टिपून घेतलं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत माझं म्हणणं कुणी टिपून घेतल्याचा तो पहिला प्रसंग.

“आणि हे मोजता कशात? किलोत?”

“पीपीएम. दहा लाखांत एक भाग.”

मी कागद ओढला. दहा लाख पैसे म्हणजे दहा हजार रुपये. म्हणजे एक पीपीएम म्हणजे दहा हजार रुपयांत एक पैसा! पाण्याला तर तेही माप ढोबळ पडतं. तिथे शंभर कोटींत किती, ते बघतात. म्हणजे कोट रुपयांत एक पैसा. पिण्याच्या पाण्यातल्या शिशाची आपल्या भारतीय मानकातली मर्यादा एका लिटरला एक शतांश मिलिग्रॅम. माझ्या भाषेत, कोट रुपयांत दहा पैसे. सरकारनं २०११ साली चार आणेसुद्धा चलनातून काढून टाकले, पण शास्त्रज्ञांनी अजून एक पैसा जपून ठेवलेला आहे, हे पाहून मला भरून आलं.

कारण मी एका पैशावर वाढलेला माणूस आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत अजून जाडजूड लेजरं होती. एका संध्याकाळी जमाखर्चात एका पैशाचा फरक आला. मी खिशातून दहा पैशांचं नाणं काढून म्हटलं, “साहेब, हे घ्या, वर नऊ पैसे बँकेला बक्षीस.” हेडक्लार्कनी चष्मा काढला. म्हणाले, “अरे, फरक एका पैशाचा नसतो. इकडे पाचशे चुकलेले असतात, तिकडे पाचशेला एक पैसा कमी चुकलेले असतात. दोन्ही एकमेकांच्या आड लपतात आणि वर फक्त एक पैसा दिसतो. शोध.” रात्री साडेनऊला चूक सापडली. दोन खात्यांत दोन चुका होत्या. तेव्हापासून एकूण बेरीज बरोबर आहे असं कुणी सांगितलं की मला झोप येत नाही.

नमुना घेऊन ती नाशिकला निघाली तेव्हा मी एक दिवस रजा टाकून बरोबर गेलो. मला वाटलं होतं, माती यंत्रात टाकायची, बटण दाबायचं, चिठ्ठी बाहेर येईल. एटीएमची सवय! प्रत्यक्षात माती सावलीत वाळवायची, नायलॉनच्या चाळणीनं चाळायची, मग तिच्यावर अम्लराज ओतायचं. अम्लराज म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचं मिश्रण. ते सोनंसुद्धा विरघळवतं. मी हातातली अंगठी खिशात घातली. मग ते पाणी गाळून एका ज्योतीत फवारतात, आणि ज्योतीच्या एका बाजूला दिवा असतो. शिसं मोजायचं तर शिशाचाच दिवा, तांबं मोजायचं तर तांब्याचा. ज्या धातूचा दिवा, त्याचेच अणू तो प्रकाश पितात. दुसरे त्याला तोंड लावत नाहीत. प्रकाश किती कमी झाला, त्यावरून धातू किती ते कळतं. पंक्तीत ज्यानं त्यानं आपल्याच पानातलं खावं, अशी ही शिस्त १९५०च्या दशकात ॲलन वॉल्श नावाच्या शास्त्रज्ञानं ऑस्ट्रेलियात बसवली.

पण माझं मन जिंकलं ते तिथल्या अविश्वासानं. आमच्या मातीच्या नळीशेजारी एक नळी होती, तिच्यात मातीच नव्हती, नुसतं आम्ल.

“ही कशाला?”

“आम्लातच शिसं असलं तर? नळीतच असलं तर?”

दुसऱ्या नळीत बाहेरून विकत आणलेली माती होती. तिच्यात काय किती आहे ते आधीच ठाऊक असतं. यंत्रानं तेच उत्तर दिलं तर यंत्र शुद्धीवर आहे असं समजायचं. तिसऱ्या नळीत आमचीच माती पुन्हा, पण वेगळ्या नंबरानं, म्हणजे यंत्राला कळू न देता! मी जागेवर उभा राहिलो. हे तर ऑडिट! न सांगता येणारं, सरप्राइज ऑडिट! एवढी वर्षं मी शास्त्रज्ञांना प्रतिभावान लोक समजत होतो. ती आपल्यासारखीच संशयी माणसं निघाली.

आणि हा संशय लागतोच. २०१५ साली दोन मिनिटांत होणाऱ्या नूडल्सचं प्रकरण तुम्हांला आठवत असेल. शिशाची मर्यादा अडीच पीपीएम, आणि एका तपासणीत आलं सतरा पूर्णांक दोन. जूनमध्ये देशभर बंदी आली, आमच्या घरी दोन पाकिटांचं रीतसर दहन झालं. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली. ज्या प्रयोगशाळांच्या आकड्यांवर ती उभी होती, त्यांना त्या तपासणीची रीतसर मान्यता नव्हती. मग मोहाली, जयपूर आणि हैदराबादच्या तीन प्रयोगशाळांत पुन्हा नमुने तपासले, आणि ते मर्यादेत निघाले. त्या वेळी मी चिडून म्हटलं होतं, “मग खरं काय मानायचं?” आता त्या कोऱ्या नळीकडे बघताना कळलं. आकडा छापता कुणालाही येतो. त्याच्यावर सही करायला कोरी नळी लागते.

आठवड्यानं मृण्मयीचा फोन आला. “बाबा, शिसं एकशे पंच्याहत्तर. अमेरिकेत घराभोवतीच्या मातीला पूर्वी चारशेपर्यंत चालायचं, २०२४ साली ते दोनशेवर आणलं. म्हणजे आपण आत आहोत.”

“आपल्याकडच्या मातीत मुळात किती असतं?”

“आपला काळा पाषाण. त्याच्यात तांबं, क्रोमियम, निकेल जात्याच जरा जास्त. शिसं कमी. वीस-तीस असायला हवं.”

“मग वरचे दीडशे कुठून जमा झाले?”

ती गप्प. मी म्हटलं, “हे बघ, तू चार खाती एकत्र करून एकच शिल्लक काढलीस. मला खातेनिहाय उतारा पाहिजे. उरलेल्या पिशव्या आहेत ना?”

होत्या. आणि चार दिवसांनी उतारा आला. पुढचं अंगण बावीस. तुळशीजवळ एकतीस. कुंपणाशी अठ्ठावीस. न्हाणीमागे सहाशे एकोणीस.

एवढ्या वर्षांत चूक सापडल्यावर मला आनंद झाला नाही, असं पहिल्यांदाच झालं. कारण न्हाणीमागे काय होतं, ते आकडा वाचता वाचताच मला आठवलं.

अण्णांची ड्यूटी संपली की त्यांची दुसरी ड्यूटी सुरू व्हायची. आग्रा रोडवरचे ट्रक घाट चढून इगतपुरीला दम खायला थांबत. कुणाची बॅटरी बसलेली असे. अण्णा ती न्हाणीमागे आणून उघडत, आतल्या शिशाच्या प्लेटा काढून धुवत, खराब असतील त्या बदलत. करडा गाळ तिथेच मातीत जाई. मी तांब्यानं पाणी घाली. प्लेटांचे मोडके तुकडे आईच्या जुन्या पळीत वितळवून मी गलोलीच्या गोळ्या करीत असे, आणि अख्ख्या आळीत माझ्यासारखा नेम कुणाचा नव्हता. एका बॅटरीचे अण्णांना किती मिळत, मला माहीत नाही. पण माझी नाशिकच्या कॉलेजची फी, रेल्वेचा पास आणि दोन बहिणींची लग्नं ही फिटरच्या पगारात बसत नव्हती, हे मी कॉमर्सचा पदवीधर असूनही कधी मांडून पाहिलं नव्हतं.

आणि न्हाणीमागे आता काय आहे? आईचा अळूचा वाफा. पाणी आपोआप मिळतं म्हणून तिनं तो तिथे केला. त्याच अळूच्या वड्या सगळ्या आळीला जातात.

मृण्मयी शनिवारी आली. शिशाचा सगळ्यांत जास्त मार लहान मुलांच्या मेंदूला बसतो, बुद्धीचा आकडा खाली येतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अमुक इतकं शिसं सुरक्षित अशी पातळीच नाही, हे तिनं सांगितलं. “आणि बाबा, तुम्ही तर तिथेच खेळलात.”

“तरीच!” आमच्या सौ. म्हणाल्या. वीस वर्षांचं कोडं सुटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

मी आणि आई दोघांची रक्तं तपासली. जागतिक आरोग्य संघटना शंभर मिलिलिटरला पाच मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की हालचाल करा म्हणते. म्हणजे कोट रुपयांत साधारण पन्नास पैसे. आम्ही दोघंही त्याच्या आत निघालो. “रक्तात कमी आलं म्हणजे हाडांत नाहीच असं नाही,” मृण्मयी म्हणाली. मुदत ठेव चालू खात्याच्या पासबुकात दिसत नाही, एवढं मलाही कळतं.

पण आईला सांगायचं कसं? तिचा तो वाफा, आणि तिचे अण्णा. शेवटी नातीनंच सांगितलं. आई ऐकत राहिली. मग म्हणाली, “त्यांनी कुणाचं कधी वाईट केलं नाही.”

“आजोबांना माहीत नव्हतं, आजी.”

“माहीत असतं तरी केलं असतं,” आई म्हणाली. “तुझ्या बापाची फी कोण भरणार होतं?”

माजघरात कुणी काही बोललं नाही. मग आईनंच पदर खोचला. “बरं, आता काय करायचं ते सांग. आणि त्या वड्या खाल्ल्या लोकांनी, त्यांचं काय?”

मृण्मयीनं अळूची पानंही मोजली होती, निम्मी न धुता, निम्मी धुऊन. शिसं मातीतून पानापर्यंत फारसं चढत नाही. ते मातीला चिकटून राहतं. पानात सापडतं ते बरंचसं वर उडालेल्या मातीचं. धुतलेल्या पानांत ते कितीतरी कमी होतं.

“मी तीन पाण्यांनी धुते,” आई ताठ होऊन म्हणाली. “आणि या घरात मला सगळे हसतात!”

आम्ही हसणं सोडलं. कॅडमियम मात्र असं नाही. ते भराभर वर चढतं. जपानात तोयामा भागात खाणीचं पाणी नदीतून भातात गेलं आणि माणसांची हाडं इतकी ठिसूळ झाली की त्या रोगाचं नावच ‘इताई-इताई’ पडलं, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. १९६८ साली तिथल्या सरकारनं त्यामागे कॅडमियम असल्याचं मान्य केलं. आपणही ठेच लागली की ‘आई आई’ म्हणतो. दुखण्याची भाषा इथून तिथून एकच. इगतपुरी म्हणजे भाताचा तालुका. मी घाबरून घोटीच्या भावाचा तांदूळही तिला तपासायला दिला. तो मर्यादेच्या पुष्कळ आत निघाला. भावाला कळवलं तर म्हणाला, “मी तुला पाहुणा म्हणून तांदूळ दिला, सॅम्पल म्हणून नाही!”

आता न्हाणीमागे चुना आणि शेणखत घालून वर हातभर चांगली माती पसरली आहे. चुना-खतानं शिसं जागच्या जागी बांधलं जातं, म्हणे. तिथे खायचं काही लावायचं नाही, जमीन उघडी ठेवायची नाही. अळू पुढच्या अंगणात, बावीसच्या खात्यात गेलं. न्हाणीमागे जास्वंद लावली. “देवाला शिसं चालेल का गं?” आईनं विचारलं. मृण्मयीनं सांगितलं, “फूल फक्त वाहायचं, आजी. देवाला खाऊ घालू नकोस.”

मोजून काय मिळालं, असं सौ.नी मला विचारलं. बांगलादेशात हळद पिवळीधमक दिसावी म्हणून हळकुंडांना शिशाचा पिवळा रंग चोळत. २०१९ साली बाजारातल्या शंभरांतल्या सत्तेचाळीस नमुन्यांत शिसं होतं. संशोधकांनी ते मोजलं, छापलं, सरकारनं बाजारात जाऊन दंड केले, आणि २०२१ साली आकडा शून्यावर आला. मोजलं नसतं तर शून्यही आलं नसतं. आपल्याकडेही २००० सालापर्यंत पेट्रोलमध्ये शिसं होतं. ते गेलं, आणि आपली वाहनं काही थांबली नाहीत. घाटात तर आता जास्तच अडकतात.

अण्णांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांचं जुनं पासबुक माझ्याकडे आहे. शेवटची शिल्लक चौदाशे बारा रुपये. त्यांनी आम्हांला ढकलत ढकलत घाट चढवला, सुटले, आणि शिट्टीसुद्धा मारली नाही. आम्ही तेव्हा वडे घेत होतो.

प्रयोगशाळेचा तो उतारा मी घडी करून त्याच पासबुकात ठेवला आहे. ऑडिटरनं कधी विचारलंच, तर सांगता येईल, दोन्ही कागद एकाच खात्याचे आहेत.